नवीन गाडी घेताना शोरूममध्ये भाव कसा करायचा: कोटेशनची एकेक ओळ धरून

मागच्या वर्षी आमच्या दाजींनी गाडी घ्यायची ठरवली. पहिल्यांदा शोरूमला जाऊन आले आणि रात्री फोनवर एकदम खुशीत, "पस्तीस हजार सोडले रे त्यांनी." मी म्हटलं दाजी, कोटेशनचा फोटो पाठवा आधी. फोटो आला. एक्स शोरूम ९,००,००० मधून ३५,००० वजा केलेले होते ते खरंच, पण खाली हँडलिंग चार्जेस ९,५००, बेसिक किट १८,९००, इन्शुरन्स ५२,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी २१,०००, फास्टॅग ६०० आणि आरटीओच्या रकान्यात एकच गोल आकडा, १,१०,०००. ऑन रोड, म्हणजे सगळं धरून द्यायची रक्कम, १०,७७,०००. या हातानं दिलं आणि त्या हातानं काढून घेतलं, असा तो कागद होता.

शेवटी तीच गाडी, तेच मॉडेल, तोच रंग त्यांनी १०,१५,६०० ला घेतली. ६१,४०० वाचले. यातले डिस्काउंट वाढवून मिळालेले फक्त १३,००० आहेत, उरलेले ४८,४०० कोटेशनच्या खालच्या ओळींमधून निघाले. म्हणून "अजून थोडं सोडा की" म्हणत डिस्काउंटच्या मागे लागू नका, ऑन रोडचा आकडा धरा आणि त्यातली प्रत्येक ओळ सोडवून घ्या. कसं ते सांगतो.

शोरूमला जायच्या आधी

गाडी आणि व्हेरियंट घरीच पक्कं करा. शोरूममध्ये जाऊन "दोन्हीतली कुठली घेऊ" असं विचारलं की मग ज्या गाडीचा स्टॉक पडून आहे तीच तुमच्यासाठी कशी चांगली हे ऐकावं लागतं. टेस्ट ड्राइव्ह वेगळ्या दिवशी घ्या, भावाची बोलणी वेगळ्या दिवशी. घरच्यांना रंग आवडलाय, पोरं मागच्या सीटवर जाऊन बसलीत, अशा वेळी माणसाची नाही म्हणायची ताकदच राहत नाही आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

मग त्या गाडीला वेटिंग आहे का ते काढा. चार महिने वेटिंग असलेल्या गाडीवर डिस्काउंट मागून काही उपयोग नाही, तिथे तुमचा जोर इन्शुरन्स, हँडलिंग आणि किटवरच लावायचा. उलट जे मॉडेल बदलणार अशी चर्चा आहे किंवा जे कमी खपतंय त्यावर बऱ्यापैकी सुटतं.

आपल्या नावावर कुठला जास्तीचा डिस्काउंट बसतो तेही बघून ठेवा. कंपनीची कंझ्युमर ऑफर वेगळी, एक्स्चेंज बोनस वेगळा, जुनी गाडी भंगारात काढल्याच्या सर्टिफिकेटवर मिळतो तो वेगळा, आणि कॉर्पोरेट डिस्काउंट वेगळा. कॉर्पोरेट म्हणजे फक्त आयटीवाले नाहीत, बऱ्याच कंपन्यांच्या यादीत शिक्षक, सरकारी कर्मचारी, बँकवाले, डॉक्टर पण असतात, ओळखपत्र किंवा सॅलरी स्लिप लागते. तुम्ही विचारल्याशिवाय हे कोणी सांगेलच असं नाही. आणि घरात कोणी फौजेत असेल किंवा निवृत्त असेल, आपल्या सातारा-सांगलीकडे तर घरोघरी असतात, तर सीएसडी कँटीनचा भाव आधी काढा, फक्त गाडी त्यांच्याच नावावर घ्यावी लागते.

कधी जायचं

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. या दिवसांच्या आधीच्या आठवड्यात शोरूमला हारांची आणि पेढ्यांची गडबड असते, त्यांना तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो, भाव कुठून करणार. याउलट पितृपक्षात आपल्याकडे कोणी गाडी घेत नाही, सेल्सवाले मोकळे बसलेले असतात आणि महिन्याचं टार्गेट तर तसंच असतं. ज्यांना पितृपक्षाचं काही वाटत नाही त्यांनी सरळ तेव्हाच घ्यावी. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी बोलणी आणि बुकिंग तेव्हा करावं आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्यावी, पण त्यात एक मेख आहे. कंपन्यांच्या स्कीम साधारण महिन्या-महिन्याच्या असतात आणि बहुतेक वेळा त्या बिलाच्या तारखेला लागू होतात, बुकिंगच्या नाही. म्हणजे सप्टेंबरात बुक केलेल्या गाडीचं बिल ऑक्टोबरात फाडलं तर ऑक्टोबरची स्कीम. "स्कीम बुकिंगच्या तारखेची की बिलाच्या?" हा प्रश्न तोंडी न विचारता व्हॉट्सअॅपवर विचारा, उत्तर लेखी राहतं.

२०२५ चा सप्टेंबर आठवत असेल, २२ तारखेपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेपासून, जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, तो १८ टक्के झाला. तेव्हा बिल २२ च्या आधीचं की नंतरचं यावर हजारो रुपयांचा फरक पडला. बिलाची तारीख काय असते ते तेव्हा कळलं लोकांना.

बाकी महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस चांगले, आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरअखेर त्याहून चांगली. डिसेंबरात मोठे डिस्काउंट असतात पण गाडी त्या सरत्या वर्षाची राहते, जानेवारीत रस्त्यावर आणली तरी आरसीवर बनवल्याचा महिना-वर्ष तेच. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त घ्या, तीन-चार वर्षांत विकणार असाल तर वाचलेले पैसे विकताना जातात.

तीन ठिकाणचं कोटेशन

एकाच कंपनीचे किमान तीन डीलर गाठा, शक्यतो वेगवेगळ्या मालकांचे, कारण एकाच मालकाच्या दोन शाखा असतील तर त्यांचा भाव एकच. छोट्या गावात असाल तर जवळच्या मोठ्या शहरातला एक घ्या. दाजींनी साताऱ्यात एक, पुण्यात दोन असं केलं. पासिंग तुमच्याच आरटीओला, म्हणजे साताऱ्याच्या एमएच ११ लाच, करून देणार का, एवढं फक्त आधी विचारून घ्या.

कोटेशन कच्च्या कागदावर पेनाने लिहिलेलं नको. डीलरच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर, व्हेरियंटच्या पूर्ण नावासकट, आणि प्रत्येक ओळ वेगळी. "सर आत्ता बुक करत असाल तरच बेस्ट प्राइस देतो" असं म्हणतील. त्यावर दाजींना मी एकच वाक्य पाठ करून पाठवलं होतं: "गाडी या महिन्यात घ्यायचीच आहे, तिघांचं लेखी घेतोय, ज्याचा ऑन रोड कमी त्याच्याकडे शनिवारी चेक घेऊन येतो." यात खोटं काही नाही, आणि समोरच्याला कळतं की हा माणूस टाइमपासला आलेला नाही.

आता एकेक ओळ

एक्स शोरूम: हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर असतो, जीएसटी त्यातच धरलेला असतो. तो जुळतोय का बघायचं आणि पुढे जायचं.

आरटीओ: इथे बहुतेक लोक मान डोलावतात कारण सरकारी आहे म्हटल्यावर काय बोलणार. पण सरकारी म्हणूनच तो आकडा तुम्हाला घरी काढता येतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर पेट्रोल गाडी असेल तर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४, १५. दाजींची पेट्रोल, ९ लाख, म्हणजे टॅक्स ९९,०००. त्यावर थोडा सेस, रजिस्ट्रेशन फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. सगळं धरून एक लाख तीन-साडेतीन हजार. मग १,१०,००० कुठून आले? विचारल्यावर सांगितलं, "सर एजंटचा खर्च असतो." आम्ही म्हटलं पावती जेवढ्याची तेवढे देतो. १,०३,५०० झाले. पाच मिनिटांत साडेसहा हजार.

हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो चार्जेस: नाव काहीही असू दे, हे आरटीओ घेत नाही आणि गाडी शोरूमपर्यंत आणणं हे विकणाऱ्याचं काम आहे. "हे काढा, मग पुढचं बोलू" एवढंच म्हणायचं. ते म्हणतील सिस्टीममध्ये फिक्स आहे, निघत नाही. मग म्हणायचं, ठीक आहे, तेवढेच डिस्काउंटमध्ये वाढवा. आपल्याला खालचा आकडा कमी झाल्याशी मतलब.

बेसिक किट किंवा एसेन्शियल किट: यादी मागा. मॅट, मडफ्लॅप, बॉडी कव्हर, परफ्यूम, डोअर गार्ड, आणि त्यात एखादं पाच-सहा हजारांचं कोटिंग घुसवलेलं असतं. लागेल तेवढंच घ्या. आम्ही मॅट आणि मडफ्लॅप ४,००० ला घेतले. इथे एक सांगतो, "पंधरा हजारांच्या अॅक्सेसरीज फ्री" हे पंधरा हजार कमी होण्यासारखं मुळीच नाही, अॅक्सेसरीजवर त्यांचं मार्जिन भरपूर असतं. कधीही रोख सूट मागा, आणि ती आता मिळतच नाही असं झालं की सगळ्यात शेवटी वस्तू मागा.

फास्टॅगचे पाच-सहाशे असतात, त्यावर डोकं घालवू नका. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं तुमच्याकडून घेऊन भरायचा आगाऊ इन्कम टॅक्स, लागतो, तो भरायचाच पण तुमचा पॅन बरोबर टाकायला लावा, रिटर्न भरताना तो तुमच्या टॅक्समध्ये वळता होतो. कित्येक जण हे विसरतात आणि दहा-पंधरा हजार तसेच सोडून देतात.

एक्स्टेंडेड वॉरंटी चांगली गोष्ट आहे, मी घ्याच म्हणेन, पण कंपनीची अधिकृत आहे का बघा, आणि कंपनीची असली तरी त्या किमतीतही थोडं सुटतं. शिवाय बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेऊ देतात, त्यामुळे त्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते.

इन्शुरन्स

सगळ्यात जास्त पैसे मला इथे सापडलेत. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. "बाहेरून घेतला तर कॅशलेस होणार नाही" हे हमखास ऐकवतात, पण कॅशलेस होणार का नाही हे त्या वर्कशॉपचं त्या विमा कंपनीशी टायअप आहे का यावर असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. विमा कंपनीला फोन करून तुमच्या गावातल्या सर्व्हिस सेंटरचं नाव सांगून विचारा, दोन मिनिटांचं काम.

तुलना करताना मात्र सारख्याची सारख्याशी करा. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा (ओन डॅमेज) साधारण एक वर्षाचा घेतात. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीला एक्स शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे ९ लाखांच्या गाडीला ८,५५,०००. बाहेरचं कोटेशन स्वस्त दिसतंय पण आयडीव्ही सात लाखच धरलाय, तर ते स्वस्त नाही. झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाएवढी भरपाई) या जास्तीच्या कव्हरांतलं काय दोन्हीकडे आहे ते शेजारी-शेजारी लिहा. टायर, चावी, सामान असली फुटकळ कव्हर मी काढून टाकतो. झीरो डेप ठेवतोच, कारण त्याशिवाय बंपर फुटला की प्लास्टिकचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर आधीच दुसऱ्या पॉलिसीत असेल तर इथे परत घ्यायची गरज नाही.

आणि एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस! जुन्या गाडीवर पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के एनसीबी साठलेला असतो, आणि तो गाडीचा नसून माणसाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर तेवढी सूट मिळते. नाव मात्र तेच पाहिजे, वडिलांचा एनसीबी मुलाच्या नावावरच्या गाडीला लागत नाही. म्हणून गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना हा हिशोब पण करा.

दाजींसाठी आम्ही बाहेरून ३६,५०० चं कोटेशन आणलं, मोबाइलवर दाखवलं. डीलरचे ५२,००० होते ते ३८,५०० वर आले. दोन हजार जास्त होते पण क्लेमच्या वेळी एकाच ठिकाणी काम होतं म्हणून तिथेच घेतला. तुम्ही बाहेरून घेणार असाल तर चेसिस आणि इंजिन नंबर वेळेत मागून घ्या, पासिंगच्या आधी पॉलिसी लागते, आणि कर्ज असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव टाकायला विसरू नका.

जुनी गाडी आणि कर्ज, दोन्ही वेगळे व्यवहार

नव्या गाडीची ऑन रोड किंमत लेखी येईपर्यंत एक्स्चेंजचा विषयच काढू नका. नाहीतर नव्या गाडीत दहा हजार सोडतात आणि जुनीचे वीस हजार कमी लावतात, आणि दोन्ही एकत्र असल्यामुळे आपल्याला उमगत नाही. जुनीचा भाव आधी बाहेर दोन ठिकाणी काढा. एक्स्चेंज बोनस धरूनही डीलर बाहेरच्यापेक्षा कमी देत असेल तर बाहेर विका. देताना नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९, ३० वर सह्या करून झेरॉक्स ठेवा आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळेसह पावती घ्या, नाव ट्रान्सफर होईपर्यंत ई-चलनं तुमच्याच मोबाइलवर येतात.

कर्जाचं पण तसंच. आपल्या बँकेतून व्याजदर, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास काय लागेल हे लेखी घेऊन मगच शोरूमच्या फायनान्सवाल्यासमोर बसा. तो पहिला प्रश्न विचारतो, "सर हप्ता किती बसतो तुम्हाला?" याचं उत्तर देऊ नका. आठ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांना हप्ता १६,६०७ येतो, सात वर्षांना १२,८७१. हप्ता हलका झाला, पण एकूण जवळजवळ ८५,००० जास्त गेले, म्हणजे इतकी घासाघीस करून वाचवलेले सगळे गेले आणि वर अजून.

आणि "६ टक्के फ्लॅट" ऐकून तर अजिबात हुरळू नका. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, रिड्यूसिंग म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर. आठ लाखांवर पाच वर्षं ६ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २,४०,०००, हप्ता १७,३३३. बँकेच्या ९ टक्के रिड्यूसिंगपेक्षा जास्त! कमी दिसणारा दर महाग पडतो, म्हणून नेहमी एकूण किती रुपये परत करायचे तेच विचारा.

शेवटची बैठक

महिनाअखेरीला, शनिवारी वगैरे, दुपारच्या निवांत वेळी जा. सोबत एकच माणूस न्या, चार जण चार बोलतात. सेल्समनशी नीट वागा, त्या पोराच्या हातात एका मर्यादेपलीकडे काही नसतं आणि त्याचा पगार टार्गेटवर चालतो. त्याला म्हणा, "दादा, तुझ्या हातातलं झालं, आता मॅनेजर साहेबांशी बसव."

दाजींच्या वेळी मॅनेजरनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला, दुसऱ्या डीलरचं कोटेशन दोनदा वाचलं, मग स्वतःच्या कागदावर हँडलिंगवर काट मारली आणि विचारलं, "आज बुकिंग करणार?" दाजी म्हणाले, "दहा लाख पंधरा हजारला आत्ता करतो." आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे, आपल्यालाच अवघड वाटतं आणि आपणच "बरं मग वीस करा" म्हणून मोकळे होतो. मॅनेजर आत जाऊन आले, डिस्काउंट ४८,००० केला. फास्टॅगचे सहाशे तेवढे राहिले, ते दाजींनी धरून ठेवले नाहीत.

ठरलं की सगळं बुकिंग फॉर्मवर लिहून सही-शिक्का घ्या: ऑन रोड, डिस्काउंट, फुकट काय-काय, डिलिव्हरीची तारीख, आणि बुकिंग रद्द केलं तर किती परत. बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यावरच, सेल्समनच्या यूपीआयवर कधीच नाही.

पूर्ण पैसे भरायच्या आधी

चेसिस नंबर मिळाला की स्टॉकयार्डला जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा. फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट) मागा, त्यावर बनवल्याचा महिना-वर्ष असतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. सगळ्या काचांवरची खूण सारखी आहे का, किलोमीटर किती झालेत, बंपरच्या कडेला रंगाचा फरक आहे का. दाजींना आधी जी गाडी दाखवली ती सात महिने उन्हात उभी होती, टायरवर धुळीचा थर बसलेला, वायपरचं रबर कडक झालेलं. आम्ही दुसरी मागितली, आठ दिवसांनी मिळाली. पैसे भरलेले असते तर ती बदलून मिळाली नसती. ठरलेल्यापेक्षा जास्त मागत असतील आणि ऐकतच नसतील तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, बुकिंग फॉर्म हाताशी ठेवून तक्रार करा.

पासिंग झालं की डीलरकडून आरटीओच्या टॅक्सची आणि फीची ऑनलाइन पावती मागून घ्या. त्यावरचा आकडा आणि तुम्ही आरटीओपोटी भरलेला आकडा समोरासमोर ठेवा, आणि जे जास्त भरलं असेल ते परत मागा. दाजींचे २२० रुपये जास्त गेले होते, त्यांनी तेही मागितले आणि दुसऱ्या दिवशी खात्यावर आले.